पाहुण्यांचा डबा

माणसाची नीतिमत्ता पाहायची असेल तर त्याचा देव्हारा किंवा पासबुक बघू नये. स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाचे डबे किती आहेत ते मोजावं. एक असेल तर माणूस सरळ. दोन असतील तर तुमच्याआमच्यासारखा. तीन असतील तर त्या घरात जरा जपूनच बसावं!

माझ्या आत्याकडे तीन होते. पहिल्यात दार्जिलिंगची पत्ती : व्याही, डॉक्टर आणि काकांचे साहेब यांच्यासाठी. दुसऱ्यात दुकानदाराकडून करून आणलेलं मिश्रण, घरच्यांसाठी. तिसऱ्यात बारीक भुकटी. ती गवंडी, भांडी घासणाऱ्या मावशी आणि सुट्टीत येणारे भाचे, यांची. मी तिसऱ्या डब्यावर वाढलेला माणूस आहे. फक्त आम्हां भाच्यांना धड कप मिळे आणि मावशींना कान तुटलेला, एवढाच फरक.

या वर्णव्यवस्थेला व्यापाऱ्यांचीच मान्यता आहे अशी आत्याची समजूत. भुकटीला ते 'डस्ट' म्हणतात ना! पण डस्ट म्हणजे केर नव्हे, हे तिला सांगणार कोण? कारखान्यात तयार झालेला चहा चाळण्यांतून जातो. मोठी पाने वर राहतात, मग तुकडे, मग कणी, आणि सगळ्यांत खाली पडते ती डस्ट. नाव आकाराचं, गुणाचं नाही. 'ऑरेंज पेको'त कुठे संत्रं असतं? चांगल्या मळ्याची डस्ट भिकार मळ्याच्या पानापेक्षा केव्हाही सरस. शिवाय बारीक असल्यामुळे ती भराभर रंग सोडते, आणि दूध-साखर-आलं घालून पातेल्यात रटरटवायच्या आपल्या पद्धतीला तीच मानवते.

दार्जिलिंगचं उलट. ती पत्ती मानी. किटली आधी गरम पाण्याने विसळावी, माणशी एक लहान चमचा पत्ती टाकावी, वरून उकळतं पाणी ओतून झाकण लावावं आणि तीनचार मिनिटं गप्प बसावं. (हे शेवटचं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही.) मग गाळावं. जास्त ठेवली तर कडवटते, आणि दुधात उकळली तर तिचा तो नाजूक सुगंध बिचारा कुठल्या कुठे जातो. आत्या ती महागाची पत्ती आलं ठेचून दहा मिनिटं उकळायची! डॉक्टर 'वा!' म्हणत पांढुरकं कडू पाणी गिळत, आणि मागल्या दारी गवंड्याला मात्र फक्कड चहा मिळे.

आता सांगा, यात पुण्य कुणाला किती? मान द्यायच्या हेतूने वाईट दिलं आणि हलकं समजून उत्तम दिलं! हेतू बघायचा की परिणाम, यावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिलेत. नुसता परिणाम बघायचा तर मावशींची काहीच तक्रार नसायला हवी. पण एके दिवशी त्या म्हणाल्या, "नको बाई, घरून पिऊन आले." दुसऱ्या दिवशीही तेच. पुन्हा त्या घरात त्यांनी चहा घेतला नाही. "एवढा चांगला चहा नाकारते!" म्हणून आत्या आठवडाभर धुमसत होती. चहा खरंच चांगला होता. पण माणूस नुसत्या जिभेने चहा पितो थोडाच?

पुण्यात तर हे फार पूर्वी सिद्ध झालंय. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या समारंभात रानडे, टिळक वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि गावभर गहजब झाला. कुणी प्यायला, कुणी नुसता हातात घेतला, याची चिकित्सा थेट शंकराचार्यांपर्यंत गेली. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. चहा पत्तीचा की भुकटीचा, हा प्रश्न कुणाला पडला असेलसं वाटत नाही. प्रश्न होता तो कप कुणाच्या हातून आला याचा.

आमच्याकडे डबे दोन आहेत. दोन पाहिजेतच, कारण किटलीचा चहा वेगळा आणि पातेल्याचा वेगळा. पण कोण आलंय ते बघून डबा उघडायचा नाही. कोणता हवा ते विचारायचं, असा नियम हिने घातलाय. त्यात पत्तीचा खर्च फार होतो हा माझा मुद्दा तिने ऐकूनही घेतला नाही. कप सगळ्यांना एकाच संचातले.

नियमाप्रमाणे आमच्या कामाच्या मावशींनाही विचारलं. त्यांनी दार्जिलिंग मागितली. मी स्वतः घड्याळ लावून केली. त्यांनी एक घोट घेतला, कपात वाकून पाहिलं आणि हिला विचारलं, "वहिनी, काकांना बरं नाही का?"

मग भुकटी टाकून पातेलं चढवलं.