एका रंगाचें कुटुंब

वस्त्रांच्या निवडींत नीतीचा कांहीं प्रश्न असूं शकतो, असें म्हटल्यास पुष्कळ वाचकांस त्याचें नवल वाटेल. विवाह, दान, धंदा यांविषयीं नीतिशास्त्रानें बोलावें हें ठीक. परंतु घरच्या मंडळींनीं छायाचित्रासाठीं कोणते कपडे घालावे हा विषय शिंप्याचा, फार तर सौंदर्यशास्त्राचा, अशी सामान्य समजूत आहे. आमचें मत याहून निराळें आहे. जेथें एका मनुष्याच्या इच्छेनें दुसऱ्याचें रूप ठरतें, आणि तें रूप पुढें पन्नास वर्षें टिकावयाचें असतें, तेथें नीतीचा प्रश्न आपोआपच उत्पन्न होतो. तो कापडाच्या ढिगाआड असतो, म्हणून दिसत नाहीं, एवढेंच.

या विचारास पिंपरी-चिंचवडचें उदाहरण सोयीचें आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढें मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले. १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा कारखान्यांचा पट्टा चाकणच्या संग्रामदुर्गाच्याही पलीकडे पसरला. येथील घरांत बाप पहिल्या पाळीला, मुलगा रात्रपाळीला, सून संगणकाच्या कचेरींत, असा प्रकार नेहमींचा आहे. एकाची सुट्टी गुरुवारीं, तर दुसऱ्याची रविवारीं. सर्वांनीं एका पंक्तीस बसून जेवण्याचा दिवसही विरळा. म्हणून नातवाचें बारसें, वडिलांची साठी किंवा नव्या घराची वास्तुशांत अशा निमित्तानें जेव्हां सर्वांच्या सुट्ट्या जुळतात, तेव्हां छायाचित्रकारास बोलावून, निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा पवनेच्या घाटावर दोन-तीन तास चित्रें काढून घेण्याची चाल पडली आहे. तिला ‘फोटोसेशन’ म्हणतात. त्याआधीं आठ दिवस घरांत एकच चर्चा चालते: रंग कोणता? पुरुषांनीं फिकट निळे सदरे घालावे, स्त्रियांनीं त्याच छटेच्या साड्या नेसाव्या, मुलांनीं त्याच कापडाचे कपडे घालावे, असें ठरतें. बाजारांत तर आई, बाप आणि मुलें यांचे एकाच ताग्यांतून शिवलेले कपडे तयारच मिळतात.

या प्रकारावर पहिला आक्षेप सत्याच्या नांवानें घेतला जातो. जो मनुष्य रोज साधा सदरा घालतो, त्यानें चित्रापुरता रेशमी कुडता चढविणें म्हणजे पुढच्या पिढीपुढें खोटी साक्ष देणें होय, असें कांहीं कठोर मंडळी म्हणतात. आक्षेप नवा नाहीं. १८३९ सालीं दागेरची कृति पॅरिसमध्यें जाहीर झाली, आणि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रणाची संस्थाही स्थापन झाली. त्या काळीं चित्रासाठीं मनुष्यास बराच वेळ निश्चल बसावें लागे, आणि खर्चही बेताचा नसे. असा प्रसंग आयुष्यांत एकदां-दोनदां यावयाचा. तेव्हां जो तो ठेवणींतलें पागोटें काढी, आणि ज्यापाशीं कोट नसे त्याला चित्रशाळेंतला कोट अंगावर घालावयास मिळे.

त्या उसन्या कोटास असत्य म्हणावयास आम्ही तयार नाहीं. वस्त्र हें मनुष्याच्या स्थितीचें केवळ वर्णन नव्हे. तो काय होऊं इच्छितो आणि कशास पात्र आहे, हेंही तें सांगत असतें. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दलित स्त्रियांस जो उपदेश केला, त्यांत वस्त्रांचा विषय मुद्दाम होता. लुगडें नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून आणि ज्या जड दागिन्यांवरून जात ओळखूं येते, तीं चिन्हें टाकून द्यावीं आणि स्वच्छ, नीटनेटकें नेसावें, असा त्याचा आशय होता. त्या दिवसापासून ज्यांनीं आपली नेसण बदलली, त्या स्त्रिया खोटें बोलत होत्या काय? उलट, खोटेपणा होता तो जुन्या चिन्हांत. कारण मनुष्याची योग्यता जन्मावरून ठरते हें असत्य तीं चिन्हें समाजाच्या वतीनें बोलत असत. तेव्हां ठेवणींतलें नेसून चित्रास बसण्यांत पाप नाहीं. वस्त्र खोटें होतें तें निराळ्याच कारणानें: जेव्हां तें नेसणाराच्या मनांतलें न बोलतां, नेसविणाराच्या मनांतलें बोलूं लागतें, तेव्हां.

येथें एकरंगाचा प्रश्न येतो. त्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. समजा, दोन भावांपैकीं एक कारखान्यांत कायम झालेला आहे आणि दुसरा अजून कंत्राटावर आहे. मोठ्या जावेपाशीं पैठणी आहे, धाकटीपाशीं नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें नेसावें असें ठरलें, तर ही विषमता चित्रांत कायमची उमटेल. एक रंग आणि एक कापड ठरलें म्हणजे धाकटीस खालीं पाहावें लागत नाहीं. कित्येक कारखान्यांत अधिकारी आणि कामगार एकच गणवेश घालतात, तोही याच विचारानें.

युक्तिवाद सद्भावनेचा आहे, परंतु पुरा नाहीं. गणवेशानें समता येते असें कामगारासच विचारून पाहावें. गणवेशाच्या रंगावरून किंवा छातीवरच्या बिल्ल्यावरून कायम कोण आणि कंत्राटी कोण हें दुरूनही ओळखतां येतें, असें तोच पुष्कळदां सांगेल. शिवाय गणवेशामागें आणखीही एक कल्पना आहे. एक मनुष्य आला नाहीं, तर त्याच्या जागीं दुसरा उभा करतां यावा आणि काम अडूं नये, हा कारखान्याचा धर्म. कुटुंबाचा धर्म नेमका याच्या उलट आहे. तेथें एकाची जागा दुसऱ्यास भरतां येत नाहीं. आत्या गेली म्हणजे मावशी आत्या होत नाहीं. सहा दिवस गणवेश घालणाऱ्या मनुष्यानें सातव्या दिवशीं, स्वतःच्या घरीं, दुसरा गणवेश कां घालावा, हें आम्हांस समजत नाहीं. धाकट्या जावेची अडचण खरीच आहे. पण तिच्यावरचा उपाय मोठीनें त्या दिवशीं पैठणी न नेसणें, किंवा ती धाकटीस नेसावयास देणें हा आहे. तो रंगाच्या ठरावापेक्षां अधिक सोपा, आणि अधिक माणुसकीचा.

वस्त्रें भिन्न असलीं तर ऐक्य बिघडतें काय? १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतील तीन विद्यार्थिनी त्यांत एकत्र आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. प्रत्येकीनें आपापल्या देशाचा वेष केला आहे. आनंदीबाई पुढें १८८६ सालीं पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, पुण्यास वारल्या. त्या चित्राकडे पाहतांना या तिघी परक्या आहेत असें मनांतही येत नाहीं. दूर देशीं येऊन एकच कठीण विद्या शिकण्याचें धैर्य त्यांना एकत्र बांधतें, आणि निरनिराळ्या वेषांमुळें तें धैर्य अधिकच जाणवतें. तिघींस एकाच कापडाचे झगे घातले असते, तर त्या कोठून आणि काय काय ओलांडून आल्या हें चित्रानें सांगितलें नसतें. निगडीच्या भक्ति-शक्ति समूहशिल्पांत शिवछत्रपति आणि तुकोबा यांची भेट दाखविली आहे. तेथेंही राजानें संताचा किंवा संतानें राजाचा वेष केलेला नाहीं, आणि तरी भेट पुरी आहे.

परंतु या प्रश्नाचें खरें मर्म याहून जवळचें आहे. आपल्या घरांत मनुष्य गेल्यावर त्याची तसबीर भिंतीवर लागते. वृद्ध मनुष्याचें स्वतंत्र, चांगलें चित्र बहुधा नसतेंच. दिवस चालू असतांना कोणी तरी जुन्या समूहचित्रांतून तेवढाच चेहरा आणि खांदे वेगळे करून मोठे करून आणतो, आणि त्यास हार घालण्यांत येतो. खेड किंवा जुन्नरकडून मुलाच्या घरीं राहावयास आलेली आजी आपण डोळ्यांपुढें आणूं. जन्मभर ती इरकली नऊवारी नेसली. चित्राच्या दिवशीं सुनेच्या हौसेखातर ती फिकट जांभळी सहावारी नेसते; पदर सारखा सांवरीत तीन तास घाटावर बसते. पुढें पांच वर्षांनीं तीच जांभळी साडी भिंतीवर चढते. पणतवंडांना ती आजी कधींच भेटणार नाहीं. त्यांच्या लेखीं ती जन्मभर जांभळीच नेसत होती. तीच गोष्ट आजोबांची. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोपाच्या दिवशीं शिवलेला कोट त्यांना घालावयाचा होता. तो रंगसंगतींत बसेना, म्हणून कपाटांतच राहिला. कुटुंबाच्या ऐक्याचें चित्र निघालें खरें, पण त्यांतून ज्यांच्यापासून हें कुटुंब झालें तीं दोन माणसें तेवढीं निसटलीं.

यावर उत्तर तयार असतें: “आजींनीं तर हंसत होकार दिला!” दिला असेल. घरांतील वृद्धांचा होकार मिळण्यास फार सोपा असतो. “तुम्हांला आवडेल तें” या शब्दांत माया असते, थकवा असतो, आणि आपल्यामुळें कोणाचा विरस होऊं नये ही भीतीही असते. दुसरा पर्याय पुढें ठेवलाच नसेल, तर अशा होकारास संमति म्हणतां येत नाहीं.

मात्र याच तर्काची दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं. एके काळीं कित्येक घरांतील विधवांच्या वांट्यास लाल आलवण येत असे. आलवण गेलें, पण पतीच्या मागें स्त्रीनें फिकेंच नेसावें ही समजूत अनेक घरांत अजून उरली आहे. “मला पांढुरकेंच बरें” असें म्हणणारी आजी आपल्या आवडीचें सांगते, कीं चार लोकांचें, हें कोणास ठाऊक? अशा वेळीं नातीनें हट्टानें हिरवी साडी पुढें केली, तर त्या हट्टास आम्ही जुलूम म्हणणार नाहीं. म्हणजे वृद्धांचें म्हणणें जसेंच्या तसें मानावें, एवढा नियम पुरेसा नाहीं. तें म्हणणें त्यांचेंच आहे काय, हें पाहावें लागतें. त्यासाठीं एक साधा मार्ग आहे. चार जणांपुढें न विचारतां एकटीला गांठावें, कपाट उघडावें, आणि म्हणावें, “आजी, तुझें एकटीचें चित्र काढावयाचें असतें, तर तूं काय नेसली असतीस?” पहिलें उत्तर बहुधा आपल्या सोयीचें येईल, म्हणून थोडें थांबून पुन्हां विचारावें.

सुनेची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. तिची हौस ही केवळ नटण्याची नव्हे. पाळ्यांनीं आणि सुट्ट्यांनीं विखुरलेलें घर एक आहे, याचा पुरावा तिला एकदां तरी डोळ्यांनीं पाहावयाचा असतो, आणि रंग हें त्याचें सर्वांत सुलभ साधन तिच्या हातीं आहे. तें हिसकावून घ्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. निवडीचा क्रम तेवढा बदलावा. आज तरुणांचीं चित्रें फोनमध्यें हजारांनीं पडलेलीं असतात. त्यांनीं एका दिवसाची आवड सोडली तर त्यांचें कांहींच जात नाहीं. ज्याचीं चित्रें आजवर कमी निघालीं आणि यापुढेंही थोडींच निघावयाचीं, त्याचें वस्त्र प्रथम ठरावें. बाकीच्यांनीं त्याच्याशीं जुळवून घ्यावें. चित्र थोडें विसंगत दिसेल, छायाचित्रकार कुरकुर करील, तेवढें सोसावें. आणि रंग एकच हवा असा आग्रहच असेल, तर तो दुकानांतून न आणतां आजीच्या लुगड्याच्या कांठांतून घ्यावा.