रिकामे केलेले घर

सातारा-सांगलीकडच्या माणसाचा समुद्राशी संबंध बहुधा आठवडी बाजारातल्या सुकटीपुरता आणि जवळ्यापुरताच. तरीही समुद्रातल्या एका इवल्या जीवाने गेले काही दिवस माझे मन व्यापले आहे. कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या या कवचधारी जीवाला शास्त्रज्ञ ‘फ्रोनिमा’ म्हणतात. आपल्या अरबी समुद्रासह जगातल्या बहुतेक उष्ण व समशीतोष्ण समुद्रांत तो आढळतो. लांबी फार तर तीन-चार सेंटिमीटर. शरीर काचेसारखे पारदर्शक.

भर समुद्रात लपायला ना खडक, ना कपार. म्हणून या कुळातील जीव जेलीसारख्या मऊ, तरंगत्या प्राण्यांचा आसरा घेतात. आसऱ्याच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या. कोणी जेलीफिशला चिकटून प्रवास करतो आणि तिचेच लचके तोडतो. ‘व्हिबिलिया’ हा साल्प नावाच्या पिंपासारख्या प्राण्यावर राहून त्याने गोळा केलेल्या अन्नात वाटा घेतो. फ्रोनिमाची मादी याही पुढे जाते. ती साल्पचे आतले अवयव खाऊन टाकते, उरलेले शरीर कोरून-तासून पोकळ करते आणि त्यात आपली पिल्ले वाढवते. बाबागाडी ढकलावी तसे ते पिंप ती पाण्यातून पुढे नेत राहते. जपानी संशोधकांनी अशा पिंपांच्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या भिंतींतील पेशी जिवंत आढळल्या होत्या. यजमान संपला, तरी त्याचे घर पुरते मेलेले नव्हते!

या आईला प्रेमळ म्हणावे की क्रूर? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो होतो की, कृती दोषास्पद ठरायला जाणीव हवी आणि संमती हवी. फ्रोनिमापाशी दोन्ही नाहीत. तिला दोष देणे म्हणजे पावसाला दोष देणे होय. पण तिचा दाखला देऊन स्वतःचे समर्थन करणेही तितकेच गैर. ‘हा तर निसर्गाचाच नियम’ असे म्हणणाऱ्या माणसापाशी जाणीव असते आणि निवडही असते.

आणि इथे प्रश्न समुद्रावरून आपल्या अंगणात येतो. पाटण-जावळीच्या खोऱ्यात १९६० च्या दशकात कोयना धरण उभे राहिले. गावे उठली, शिवारे बुडाली, देवळे पाण्याखाली गेली. त्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरते, वीज देते आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळते. धरणातून नदीत सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांच्या आधाराने ते सांगलीच्या दुष्काळी शिवारांत पोहोचते. दिवे लागले, मळे पिकले, लेकरे शिकली. हे सारे चांगलेच झाले. पण ते एका रिकाम्या केलेल्या घरात झाले.

त्या खोऱ्यातून उठून आलेले एक वृद्ध गृहस्थ मला एकदा म्हणाले, “फादर, जमीन गेली त्याचं आता काही वाटत नाही. पण आम्ही कुठनं आलो, हे इथं कुणी विचारत नाही.”

त्या वाक्याने माझे नीतिशास्त्र अपुरे पडले. धरण झाले तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण जन्मलेही नव्हते. जे होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. संमती नाही म्हणून दोषही नाही, हे मान्य. पण दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोषाला संमती लागते. ऋणाला केवळ लाभ पुरतो. घर मी रिकामे केले नसेल, पण त्यात माझी लेकरे वाढली आहेत, एवढ्यानेच मी ऋणी ठरतो. आणि त्या घराच्या भिंती अजून जिवंत आहेत: पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करणाऱ्या कोयनाग्रस्तांच्या रूपाने.

फ्रोनिमाची आई आपल्या पिल्लांना सांगू शकत नाही की, हे घर कोणाचे होते. आपण सांगू शकतो. त्याने ऋण फिटणार नाही. पण ज्याला धनकोचे नावच ठाऊक नाही, तो फेडणार तरी कोणाचे? संध्याकाळी दिवा लावताना लेकराला एवढे सांगावे, आणि शेजारी राहायला आलेल्या म्हाताऱ्याला विचारावे, “बाबा, तुमचं मूळ गाव कोणतं?”