ग्रहणाच्या आधी

११ ऑगस्ट १९९९. खग्रास सूर्यग्रहण त्या संध्याकाळी गुजरातेतून दिसलं. औरंगाबादच्या चिकलठाण्यात ते खंडग्रास होतं. एमआयडीसीतल्या एका कामगाराची बायको तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. नवरा शिफ्टवरून भुकेला येईल म्हणून तिनं ग्रहणातच विळीवर दोन वांगी चिरली. डिसेंबरात मुलगी झाली. वरचा ओठ डावीकडं नाकापर्यंत दुभंगलेला, नाकपुडी चपटी. सासूनं एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा विळीकडं.

त्यानंतर घरात ग्रहणातल्या त्या चिरण्याखेरीज दुसरं कारण कुणी शोधलंच नाही. शेजारच्या बारशाला, डोहाळजेवणाला सुनेला नेणं बंद झालं. सून निमूट राहिली, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं. मला यातलं सर्वांत क्रूर हेच वाटतं.

पोर वर्षाची झाली तेव्हा औरंगाबादेत डॉ. शरदकुमार दीक्षितांचं मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिर भरलं. अमेरिकेत स्थायिक झालेले हे डॉक्टर १९६८ पासून भारतात येऊन अशा शस्त्रक्रिया करत. कर्करोगानं त्यांचं स्वरयंत्र नेलं होतं, अपघातानं चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं, हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. तरी हात थांबले नव्हते. त्यांना पाहून सासू कळवळली, "देवा, या मान्सानं कुनाचं काय वाईट केलं व्हतं!" आणि स्वतःच्याच शब्दांपाशी थबकली.

पोरीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोटातल्या बाळाचा ओठ दुसरा महिना संपायच्या आत जुळतो. इथं तो जुळला नाही, म्हणून नाकपुडीची कूर्चा आधार सुटून खाली सरकली, पसरली. आता ओठ शिवतानाच ती कातडीपासून मोकळी करायची, वर उचलायची आणि टाक्यांनी जागेवर बसवायची. नाकाचं उरलेलं काम वाढ पूर्ण झाल्यावर.

सासू बोटांवर महिने मागं मोजू लागली. मोजता मोजता उन्हाळ्यात पोचली.

"म्हंजी गिरानाच्या आदीच झालं व्हतं?"

"तीन महिने आधी, आजी."

ओठ जुळला, नाकपुडी उचलली गेली. व्रण मात्र राहिला. पुढं गल्लीत डोहाळजेवण निघालं. सासूनं सुनेला हाताला धरून सगळ्या बायकांमधून पाटापाशी नेलं. "पयली वटी माजी सून भरंल," ती म्हणाली. मग त्या गरोदर पोरीकडं वळली, "अन् गिरानात भूक लागली तर खुशाल चिरून खा, बाई."