आपला कोण आणि परका कोण?

नवे मंत्रिमंडळ बनले म्हणजे गावोगाव एक हिशेब सुरू होतो. २०२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १५ तारखेस नागपूर येथे महाराष्ट्राच्या ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, तेव्हाही तो झाला. आमच्या जातीचे किती, आमच्या भागाचे किती, आमच्या धर्माचा एखादा तरी आहे की नाही? रिसोडसारख्या गावी चहाच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, किराणा दुकानाच्या पायरीवर हा हिशेब बोटांवर होतो; आणि आम्ही ख्रिस्ती लोकही रविवारची उपासना आटोपून घरी परतताना तोच करतो, हे कबूल केले पाहिजे. एवढेच की, आमची बोटे मोजण्यापूर्वीच मिटतात, आणि मग आम्ही उसासा टाकून म्हणतो, "आपले तेथे कोण आहे?"

हा उसासा खोटा नाही. ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले, ज्यांना कचेरीच्या ओट्यावर चढू दिले जात नव्हते, त्यांना 'आत आपले कोणी असावे' असे वाटले तर त्यांना दोष कोणी द्यावा? तथापि ह्या उसाशाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे, आणि तो आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. राज्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या मनुष्याची पारख धर्मनिष्ठाने कशावरून करावी? तो कोणत्या देवाला भजतो ह्यावरून, की तो खुर्चीवर बसून काय करतो ह्यावरून?

ह्या प्रश्नाची कसोटी आपल्या देशात एकदा चांगली लागली आहे. १९४७ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १५ तारखेस स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. रिसोड त्या वेळी अकोला जिल्ह्यात व मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे. वाशीम जिल्हा पुढे १९९८ साली झाला. पंडित जवाहरलाल नेहरू धरून ते मंत्रिमंडळ १४ जणांचे होते. त्यात मौलाना आझाद व रफी अहमद किडवई हे मुसलमान होते, सरदार बलदेवसिंग शीख होते, भाभा पारशी होते, हिंदुमहासभेचे डॉ. श्यामाप्रसाद मुकर्जी होते, आणि राजकुमारी अमृत कौर व डॉ. जॉन मथाई हे दोघे ख्रिस्ती होते. आपल्या महाराष्ट्रातले काकासाहेब गाडगीळ होते. आणि कायदेमंत्री म्हणून, ज्यांनी काँग्रेसशी जन्मभर वाद घातला, ते डॉ. भीमराव आंबेडकर होते.

ह्या शेवटच्या नेमणुकीने सनातनी मंडळींच्या मनात जी खळबळ उडाली, ती हिंदू कायद्याच्या विधेयकाच्या वेळी उघड झाली. विवाह, घटस्फोट, दत्तक व वारसा ह्यांविषयीचे निरनिराळे नियम एकत्र करावे, एकपत्नीत्व बंधनकारक व्हावे, मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळावा, असा त्या विधेयकाचा आशय होता. हे काम आंबेडकरांनी आरंभिलेले नव्हते. बेनेगल नरसिंग राव ह्यांची समिती १९४१ सालापासून त्यावर बसली होती. तरी रोष आला तो विशेषेकरून आंबेडकरांवर. १९४९ साली विधेयकाच्या विरुद्ध देशभर समित्या व सभा झाल्या. डिसेंबर महिन्यात दिल्लीच्या रामलीला मैदानावर मोठी विरोधसभा भरली. विरोधकांच्या पुढाऱ्यांत स्वामी करपात्री हे होते.

त्या विरोधकांचे बोलणे आपण नीट ऐकले पाहिजे. कारण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. पहिली अशी की, विवाह हा संस्कार आहे, त्याला करार करू नये. सार्वत्रिक निवडणूक झाल्यावाचून एवढा बदल करण्याचा सभेला अधिकार नाही. आणि सुधारणा करावयाची तर ती एकट्या हिंदूंचीच का? हे आक्षेप विचारात घेण्याजोगे होते. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद हे स्वतः धर्मशील गृहस्थ. त्यांनाही हे विधेयक रुचले नव्हते, आणि १९५१ सालच्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी पंतप्रधानांस तसे लिहून कळविले. परंतु दुसरी गोष्ट निराळी होती. जो अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मला, ज्याने १९३५ साली येवल्याच्या परिषदेत 'मी हिंदू म्हणून मरणार नाही' अशा अर्थाची घोषणा केली, त्याने आमच्या शास्त्राला हात लावावा काय, हा तो दुसरा सूर.

वाचकहो, ह्या दोहोंतले अंतर लक्षात घ्या. कृतीविषयीच्या आक्षेपाला उत्तर असते. जन्माविषयीच्या आक्षेपाला उत्तर नसते. 'निवडणूक झाली नाही' असे म्हणणाऱ्याचे समाधान निवडणुकीने होऊ शकते. 'तू अमक्याच्या पोटी जन्मलास' असे म्हणणाऱ्याचे समाधान कशाने करावे?

पुढे काय झाले ते पाहा. विधेयक पुढे सरकेना; त्या व इतर कारणांनी आंबेडकरांनी १९५१ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २७ तारखेस राजीनामा दिला. ज्यांना तो मनुष्य नको होता त्यांची इच्छा पूर्ण झाली. पण प्रश्न उरलाच. १९५२ सालच्या निवडणुकीनंतर तीच सुधारणा तुकड्यातुकड्यांनी संसदेत आली. विवाहाचा कायदा १९५५ साली व वारसा, पालकत्व आणि दत्तक ह्यांचे कायदे १९५६ साली झाले. ते संसदेत चालविण्याच्या कामी हरि विनायक पाटसकर हे आपले महाराष्ट्रीय मंत्री पुढे होते. आणि राजेंद्रप्रसादांनी त्यांवर राष्ट्रपती ह्या नात्याने सही केली. स्वतःची श्रद्धा त्यांनी सोडली नाही, आणि पदाचे कर्तव्यही सोडले नाही. आज वऱ्हाडातील एखादी विधवा किंवा मुलगी सातबाऱ्यावर आपले नाव लावून मागते, तेव्हा ते विधेयक कोणत्या जातीच्या मंत्र्याने प्रथम मांडले हे तिला कोणी विचारत नाही.

इतके वाचून आमच्यापैकी कोणी मनात म्हणेल, 'हा दोष सनातन्यांचा. आमचे तसे नाही.' म्हणून आता आरसा आपल्याकडे वळवू या.

त्याच मंत्रिमंडळात आपले दोघे होते, हे वर सांगितलेच. त्यांपैकी मथाई १९५० साली बाहेर पडले, पण राजकुमारी अमृत कौर १९५७ पर्यंत आरोग्यमंत्री होत्या. आता १९५० सालचा ऑगस्ट महिना घ्या. त्या महिन्याच्या १० तारखेस अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. त्यात असे ठरले की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानू नये. म्हणजे ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ताला स्वीकारले होते, त्यांना ही सवलत नाकारली गेली. गावाने त्यांना वागविण्याची रीत मात्र बाप्तिस्म्याच्या दिवशी बदलली नव्हती. ज्या वेळी हा हुकूम निघाला, त्या वेळी मंत्रिमंडळात एक ख्रिस्ती मंत्री बसलेली होती. तिच्या बसण्याने तो थांबला नाही. पुढे १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्यातून वाट मिळाली. ख्रिस्ती व मुसलमान ह्यांस ती मिळालेली नाही. आणि १९९० साली महाराष्ट्रातील लक्षावधी बौद्धांस ज्यांच्या सरकाराने न्याय दिला, ते पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग बौद्ध नव्हते.

ह्यावरून राजकुमारींस दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्याच कारकिर्दीत क्षयाविरुद्ध लस टोचण्याची मोहीम झाली, १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय योजना सुरू झाली, आणि १९५६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा कायदा झाला. डासांचे औषध फवारणारे लोक घरात शिरताना घरधन्याचा धर्म विचारीत नसत. त्या ख्रिस्ती लोकांच्या मंत्री नव्हत्या. त्या तापाने फणफणलेल्या प्रत्येकाच्या मंत्री होत्या. आपल्याला जे देणे त्यांच्याकडून हवे होते ते मिळाले नाही, आणि जे आपण मागितलेही नव्हते ते सर्वांबरोबर मिळाले.

हा मोह एकट्या हिंदुस्थानातच आहे असे नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आपले मंत्री निवडतो, पण सेनेट नावाच्या सभेची त्याला संमती लागते. त्या देशाच्या घटनेच्या सहाव्या कलमाने कोणत्याही पदासाठी धर्माची परीक्षा घेण्यास मनाई केली आहे. असे असूनही नवा अध्यक्ष आला म्हणजे तेथील धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोक त्याच्या निवडींकडे डोळे लावून बसतात. २०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात डोनाल्ड ट्रंप ह्यांनी रॉबर्ट केनेडी (धाकटे) ह्यांना आरोग्यमंत्री नेमण्याचे ठरविले. ट्रंप ह्यांचेच पूर्वीचे उपाध्यक्ष माइक पेन्स, जे कट्टर ख्रिस्ती म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांनी ह्या निवडीला उघड विरोध केला. कारण केनेडी ह्यांनी गर्भपाताच्या मोकळिकीचा पुरस्कार केला होता. २०२५ सालच्या फेब्रुवारीत सेनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली. अध्यक्षांच्या पक्षाच्या एकाच सभासदाने उलट मत दिले. पेन्स ह्यांचे मत प्रत्येक वाचकास पटेलच असे नाही. पण त्यांच्या विरोधाची रीत पाहण्यासारखी आहे. केनेडी कोणत्या मंडळीचे, हे त्यांनी काढले नाही. त्यांचे बोलणे व वागणे काढले. आणि आपल्याच पक्षाचा अध्यक्ष आहे म्हणून ते गप्प बसले नाहीत.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. 'मनुष्याचा धर्म त्याच्या वागण्यात उतरतो. मग धर्म न पाहता वागणूक कशी कळावी? शिवाय आपल्यातला मनुष्य वर गेला, तर आपले दुःख त्याला न सांगता कळते.' ह्यातले दुसरे वाक्य आम्ही पूर्ण मान्य करतो. ज्याच्या पायात काटा मोडला त्यालाच त्याची कळ ठाऊक. आपल्या वस्तीतल्या मुलाने आपल्यासारखा कोणी उच्च पदावर पाहिला म्हणजे त्याची मान ताठ होते, हेही मोल लहान नव्हे. म्हणून सर्व दारे सर्वांस उघडी असावी असा आग्रह आपण धरावाच. पण दार उघडे असणे निराळे, आणि आत गेलेल्याने केवळ आपलेच भले करावे असे इच्छिणे निराळे. आपल्या घटनेप्रमाणे मंत्र्याने घ्यावयाची शपथ ईश्वरास स्मरून घेता येते किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करूनही घेता येते. पण दोन्हींत वचन एकच की, कोणाचे भय न धरता, कोणाची भीड न ठेवता, लोभ किंवा आकस न बाळगता सर्व लोकांस न्याय देईन. 'आपला' म्हणून ज्याच्याकडून आपण विशेष मेहेरबानी मागतो, त्याला आपण ही शपथ मोडावयास सांगतो.

आणि पहिल्या वाक्याचे उत्तर दानीएलाच्या गोष्टीत आहे. दारयावेश राजाने १२० प्रांताधिकारी नेमले व त्यांच्यावर तीन अध्यक्ष ठेवले. त्यांत परदेशाहून धरून आणलेला, परक्या देवाला भजणारा दानीएल एक होता. इतरांना ते सोसले नाही. त्यांनी प्रथम त्याच्या कारभाराचा हिशेब उलटापालटा केला. एक पैशाचा दोष सापडेना. तेव्हा त्यांनी त्याची प्रार्थना धरली. ज्याच्या कारभारात दोष काढता येत नाही त्याची उपासना काढावयाची, ही रीत त्या दरबारातली आहे. आणि जेव्हा जेव्हा आम्ही एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्याविषयी 'पण तो आपल्यातला नाही ना' असे म्हणतो, तेव्हा आम्ही दानीएलाच्या बाजूस उभे नसतो.

बंधुभगिनींनो, दिल्ली आणि नागपूर दूर आहेत. पण हीच पारख आपल्या दाराशी रोज करावी लागते. ग्रामपंचायतीचा सरपंच निवडताना, रेशनच्या दुकानदाराविषयी तक्रार करताना, आणि आपल्या मंडळीचे पंच नेमतानाही. उपदेशकांस आमची विनंती आहे की, त्यांनी मंडळीत तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. ह्याच्या हाती पूर्वी जे काम होते त्याचा हिशेब चोख आहे काय? ज्याचे मत ह्याला मिळाले नाही, त्याच्याशी हा कसा वागला? आणि हाच मनुष्य आपला नसून परका असता, तर ह्याच कामाबद्दल आपण त्याला काय म्हटले असते? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण तो त्याला नसून आपल्याला आहे.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले. त्या वेळी अधिकाऱ्यांत विश्वासणारे किती, हे मोजावयास बोटांची गरज नव्हती. तरी त्याने 'आपला असेल तर' अशी अट घातली नाही. येत्या रविवारी जिल्हाधिकारी, तहसीलदार, आमदार व मंत्री ह्यांची नावे आपल्या प्रार्थनेत घ्यावी. त्यांत आपल्यातले कोणी नसले तरी घ्यावी. आणि सोमवारी तेच नाव एखाद्या अन्यायाखाली दिसले, तर सनदशीर मार्गाने अर्ज करण्यास भिऊ नये. तो अर्ज लिहिताना एवढे जपावे की, त्याने काय केले हे स्पष्ट लिहावे, आणि तो कोणाचा आहे हे लिहू नये.