अन्यथाज्ञान आणि मनुष्याची पारख

अज्ञान आणि अन्यथाज्ञान ही दोन भिन्न होत. वस्तू न कळणे हे अज्ञान. ती भलतीच समजणे हे अन्यथाज्ञान. अज्ञानी निदान विचारतो. अन्यथाज्ञानात सापडलेल्यास विचारण्याची गरजच भासत नाही, कारण त्याच्या मते त्याला आधीच ठाऊक असते. जातीवरून, वेषावरून मनुष्याची पारख करणारा या दुसऱ्या कोटीतला.

पंथीयांस याचा अनुभव एका शब्दातच आहे. ‘महानुभाव’ या थोर शब्दाचे बोलीत ‘मानभाव’ झाले, आणि ‘मानभावी’ म्हणजे वरून गोड, आतून कपटी, असा अर्थ रूढ झाला. काळी वस्त्रे आणि सांकेतिक लिपीतील पोथ्या संशयाला पुरल्या. झाकले आहे त्या अर्थी पाप असलेच पाहिजे, हे अनुमान! विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि त्या पोथ्यांत मराठीचे प्राचीन गद्य निघाले. पोथ्यांविषयीचा समज निवळला. शब्द मात्र चालूच आहे, आणि तो वापरणाऱ्या पुष्कळांस त्याचे मूळही ठाऊक नसते.

तथापि ज्याच्यावर शिक्का बसला तो दुसऱ्यावर शिक्का मारावयास कचरतोच असे नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात अपराध सिद्ध होण्याची वाट पाहावयाची नव्हती. अमुक जमातीत जन्म झाला एवढे पुरे होते. मग हजेरी आली, प्रवासाला परवाना आला, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. कायदा १९५२ साली रद्द झाला. पण गावात चोरी झाली की बोट अजूनही पारध्यांच्या पालाकडेच वळते.

‘त्यांच्यात चोर सापडतात, हा अनुभव आहे,’ असे यावर सांगितले जाते. अनुभव हे प्रमाण खरे. पण झडती जेथे रोज होते तेथेच काही सापडावयाचे. वाड्याची झडती कोण घेतो? शिवाय शिक्का आहे म्हणून काम मिळत नाही, आणि काम नाही म्हणून शिक्का अधिक गडद होतो. असे अन्यथाज्ञान आपला पुरावा आपणच निर्माण करते.

असा एखादा पारधी मठात प्रसादवंदनास येतो. कोणी काही बोलत नाही. केवळ दारातल्या चपला कोणीतरी हळूच आत सरकवून ठेवतो. सरकवणाऱ्याच्या ते ध्यानातही नसते. पायरीवर उभा असलेला मात्र ते पाहत असतो.