उंबऱ्याबाहेरची शुचिता

दुधाच्या पिशव्या धुऊन, सुकवून वेगळ्या ठेवायला एखादं घर कशामुळे तयार होतं? पुण्यात या प्रश्नाचं उत्तर बहुधा दंडात किंवा जनजागृतीत शोधलं जातं. माझ्या मते हा आधी आपल्या शुचितेच्या कल्पनेचा, म्हणजे धर्माचा प्रश्न आहे. घाण उंबऱ्याबाहेर गेली की घर शुद्ध झालं, असंच सोवळ्या-ओवळ्याने आपल्याला शिकवलं. ती पुढे कुणाच्या हातात पडते, हा हिशेब त्या शुद्धीत कधी धरलाच नाही, कारण ते हात जातीने ठरवून दिलेले होते. कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्या सभासदांतही बहुसंख्य दलित स्त्रियाच. पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार करून या स्त्रिया दारोदार कचरा घेऊ लागल्या. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, ही त्यांची कमाई. कोरडी पिशवी भंगारात विकली जाते. आमटी-भाताच्या खरकट्यात आंबलेली पिशवी मात्र कचरा नेणाऱ्या बाईला हाताने उपसावी लागते आणि त्या पिशवीचा भावही पडतो. उकिरड्यावर वेचणारी बाई कुणाला दिसत नव्हती. दारात येणारी दिसते, बोलते, मिसळलेली बादली नाकारते. घराची सवय बदलण्याची खरी शक्यता इथे आहे, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, कायदा आहेच की. २०१६ च्या नियमांनी वर्गीकरण घराघराला बंधनकारक केलं, हे खरं. पण कायदा फार तर वेगवेगळ्या बादल्या ठेवायला लावेल. पिशवी विसळली की नाही हे बघायला स्वयंपाकघरात कुणी येत नाही. तिथे माणसाची सदसद्विवेकबुद्धीच कामी येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेफर्सची चकचकीत, अनेक थरांची पाकिटं कंपन्यांनी काढायची, भंगारवाल्याने ती नाकारायची आणि पापाची धनी मात्र गृहिणीने व्हायचं? कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे, ती त्यांच्याकडून वसूल झालीच पाहिजे. मात्र ती वसूल होईपर्यंत उद्या सकाळची बादली दारात येणारी तीच बाई उचलणार आहे, आणि त्या बादलीत काय कसं टाकायचं हे कंपनी ठरवत नाही. पिशवी धुऊन देणं ही दया झाली, असंही म्हणता येणार नाही. दया आपल्या मर्जीवर असते. हे आपल्यावरचं तिचं ऋण आहे, आणि ते पुरुषांनीही फेडायचं आहे. देवघर रोज पुसणाऱ्या घराला ते जड जाऊ नये.