भावाची वाट पाहणें

संयम हा सद्गुण होय याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. परंतु बाजारांत संयम कोणता व हट्ट कोणता, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. आमच्या बीड जिल्ह्यांतील गेवराई-माजलगांवकडील कापसाचेंच उदाहरण घ्या. २०२१-२२ च्या हंगामांत कापूस क्विंटलास १०,००० रुपयांवर गेला. पुढील हंगामाच्या आरंभीं भाव आठ-नऊ हजारांच्या घरांत असतां पुष्कळांनीं माल विकला नाहीं. राहत्या खोल्यांतून तो रचून ठेवला. महिने लोटले, कापूस वाळून वजनांत घटला, मुलाबाळांच्या अंगास खाज सुटली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यांत भाव सात हजारांकडे उतरला.

यांत अडाणीपणा होता असें आम्हांस वाटत नाहीं. मनानें गेल्या वर्षाचा आंकडा धरून ठेवला होता. त्याहून कमी येणारा प्रत्येक रुपया गांठचा गेला असें वाटूं लागलें. वास्तविक उत्पादनखर्चाशीं त्या आंकड्याचा कांहींएक संबंध नव्हता. काहनेमान व ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं दाखवून दिलें कीं, लाभाच्या सुखाहून तितक्याच हानीचें दुःख अधिक तीव्र असतें, आणि ती हानि टाळण्यासाठीं मनुष्य एरवीं न पत्करील असा धोका पत्करतो. चढलेला शेअर घाईनें विकावयाचा व पडलेला उराशीं धरून बसावयाचें, ही खोड याच जातीची. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मागील तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाल्याचें आढळलें. त्याचीं कारणें अनेक असतील. मनाची ही खोड त्यांतून वगळतां येईल काय?

मग संवय कोणती लावावी? विकण्याचा नियम मन शांत असतांना लिहून ठेवावा: माल घरीं येतांच एक हिस्सा, महिन्यानें दुसरा, आणि अमुक तारखेनंतर घरांत बोंडही ठेवावयाचें नाहीं. म्हणजे निर्णय लोभाच्या किंवा भीतीच्या ऐन घटकेवर जात नाहीं. येथें कित्येक जण गीतेंतील अनासक्तीचा दाखला देतात. आम्हांस तो ओढूनताणून आणलेला वाटतो. नफ्यासाठींच केलेल्या व्यवहारांत फलाची इच्छा नाहीं म्हणणें ही आत्मवंचना होय. अपेक्षा एवढीच कीं, निर्णयाची परीक्षा केवळ फलावरून करूं नये. नियमानें विकल्यावर भाव चढला, तरी विकणारा मूर्ख ठरत नाहीं. नियम मोडून योगायोगानें लाभ झाला, तर तो शहाणाही ठरत नाहीं. हें दुसरें कबूल करणें फार जड जातें, कारण त्या चुकीचे पैसे खिशांत पडलेले असतात.

तथापि नियम पाळावयास थोडी सवड लागते. बी-खताची उधारी फेडण्यासाठीं वेचणी होतांच दाराशीं आलेल्या व्यापाऱ्यास कापूस घालणारा, किंवा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघालेला, यांच्या संवयींस बोल लावणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. विक्रीचा दिवस निवडणें त्यांच्या हातीं नसतें. आणि आमच्या जिल्ह्यांत अशांची संख्या थोडी नाहीं.